न दिलेल्या मातीचा निकाल

कोल्हापुरातून कसबा बावड्याला जाणाऱ्या रस्त्यावर एका शेतकरी मंडळाचं माती परीक्षण केंद्र होतं. संयोगिता मगदूम तिथं १९९१ साली कामाला लागली, ती बाटल्या धुवायला. कागलची मुलगी, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. वडील गणपतराव म्हणाले, "एवढं शिकून भांडीच घासायची हुती तर घरात काय कमी हाईत व्हय?" पण सकाळी एस.टी.त बसवायला तेच यायचे आणि जागा मिळेपर्यंत खिडकीखाली उभे राहायचे.

केंद्राचे प्रमुख गुरुसिद्धआण्णा. सीमेकडचे लिंगायत, घरी कानडी, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. त्यांनी पहिल्याच दिवशी तिच्या हातात ब्रश दिला. "तंगी," ते म्हणाले. धाकट्या बहिणीला कानडीत तंगी म्हणतात, आणि पुढं जन्मभर त्यांनी तिला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. "तंगी, बाटलीत कालच्या मातीचा कण राहिला की आजचा आकडा खोटा पडतो. आणि आपल्या खोट्या आकड्यावर कुणीतरी रानात खत टाकतो. तवा नीट घास."

तिनं दोन वर्षं नीट घासल्या. मग आण्णांनी तिला तपासणीच्या टेबलावर घेतलं.

१९९३ साली मंडळाला कुणीतरी एक कॉम्प्युटर भेट दिला. तो महिनाभर खोक्यातच पडून होता, कारण त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. संयोगितानं राजारामपुरीत एक क्लास लावला, सकाळी सात ते आठ, आणि सहा महिन्यांत केंद्रासाठी एक प्रोग्रॅम लिहून काढला. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि गट नंबर एका फाइलीत, मातीचे आकडे दुसऱ्या फाइलीत, दोन्हींना जोडणारा पिशवीचा नंबर. एखाद्या गावानं शंभर पिशव्या नोंदवल्या की आकड्यांच्या फाइलीत शंभर खाने आधीच राखून ठेवले जायचे. पिशवी तपासून झाली की तिच्या खान्यात आकडे भरायचे. खाना शून्य असेल तर माती अजून तपासलेली नाही असं समजून प्रोग्रॅम ती सोडून द्यायचा. शुक्रवारी प्रिंटर करकर करत आठवड्याचे निकाल छापायचा आणि सगळे काम टाकून ते बघायला गोळा व्हायचे.

पहिला हंगाम झकास गेला. मेमध्ये डिस्कवर जागा उरली नाही, तेव्हा तिनं जुन्या हंगामाची फाइल पुसून टाकली. कागदी रजिस्टर होतंच. नवा हंगाम सुरू झाला.

सप्टेंबरात एका मंगळवारी मुरगूडच्या बाळाबाई केंद्रात आल्या. पन्नाशीची बाई, रानात राबून रापलेली, आवाज असा की बावड्यात बोलली तर नदीपलीकडं ऐकू जावं. काउंटरवर आठ-दहा माणसं पिशव्या घेऊन उभी होती. बाळाबाईंनी कमरेची पिशवी सोडली, चार छापील कागद काढले आणि टेबलावर ओळीनं मांडले.

"ह्ये कुणी छापलं?"

"मी, मावशी," संयोगिता म्हणाली. "काय चुकलं का?"

"चुकलं कसलं, लई हुशार हाय की तुमचं मशीन. म्या चार रानांची नावं दिली, पर माती तिनाचीच दिलती. चौथं रान वड्याकडंचं, त्यात तवा गुडघाभर पाणी. म्हटलं पाणी आटलं की आणून दीन." त्यांनी चौथ्या कागदावर बोट ठेवलं. "आन् ह्यो बघ त्येचा निकाल. न दिलेल्या मातीचा!"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. कोपऱ्यातला एक पावणा मोठ्यानं म्हणाला, "म्हंजी हितं बसल्या जाग्यावरच आकडे मांडत्यात म्हणा की!"

हसणं थांबलं. जो तो आपापल्या पिशवीकडं बघायला लागला. आतल्या खोलीच्या दारात आण्णा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पंचवीस वर्षं माती तपासलेला माणूस, एक आकडा संशयास्पद वाटला तर पुन्हा पहिल्यापासून तपासणारा.

लोक गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून वही."

"आण्णा, चार दिवस द्या."

"दोन."

संयोगितानं तो चौथा कागद समोर ठेवला. सामू म्हणजे पी.एच. ८.६, क्षार जास्त, कर्ब कमी, स्फुरद आणि पालाशाचे आकडेही त्याला साजेसे. मशीननं मनानं काही छापलं असतं तर ते येडंगबाळं दिसलं असतं, असं तिला वाटलं. हे आकडे एकमेकांना धरून होते. पाणी साचून खारावलेल्या, चोपण जमिनीचे आकडे असेच येतात. म्हणजे ही माती कुठंतरी होती, कुणाची तरी होती, आणि ती याच केंद्रात तपासली गेली होती.

तिनं मागच्या हंगामाचं रजिस्टर काढलं आणि पान पान बघत सुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला ते आकडे सापडले. पाचच्या पाच, दशांशासकट. कसबा बावड्याचा केरबा नावाचा शेतकरी, त्याची नदीकाठची पट्टी. तिनं केरबाच्या खालचा नंबर बघितला. मुरगूडच्या यादीत बाळाबाईंच्या खालच्या, अजून न तपासलेल्या खान्यात नेमके तेच आकडे होते. त्याच्या खालीही तसंच. जुना हंगाम नव्या हंगामात ओळीनं येऊन बसला होता.

ती धावतच आत गेली.

"आण्णा, आपण फाइल पुसली म्हणजे मशीन काहीच पुसत नाही. नुसतं नाव काढून टाकतं आणि म्हणतं, ही जागा आता मोकळी. अक्षरं तशीच राहतात. मग मी मुरगूडसाठी शंभर खाने मागितले. त्यानं मोकळी जागा दिली, पण आहे तशी दिली. मी धरून चालले होते की नवा खाना म्हणजे शून्य."

आण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे बाटली न धुता दिली."

"हां! आणि मीही न धुता वापरली."

"पण मग आकडे इतके चपखल कसे बसले? एखादं तरी अर्धंमुर्धं दिसायला पाहिजे होतं."

तोच तर घोळ होता. तिनं एका नोंदीला एकशे अठ्ठावीस बाइट ठेवले होते, आणि डिस्क जागा द्यायची ती पाचशे बाराच्या तुकड्यांत. एका तुकड्यात बरोबर चार नोंदी. त्यामुळं जुन्या नोंदी नव्या खान्यांच्या काठाला काठ लावून बसल्या. तिनं मापं आडवीतिडवी ठेवली असती तर पहिल्याच शुक्रवारी कचरा छापला गेला असता आणि चूक तिथंच उघडी पडली असती. टापटिपीनंच दगा दिला होता.

दुरुस्ती दहा ओळींची होती. फाइल वाढवायची झाली की आधी प्रत्येक नव्या खान्यात शून्य लिहायचं, मगच तो खाना नोंदीला द्यायचा. "शून्य आपोआप येत नाही, आण्णा," ती म्हणाली. "तेसुद्धा लिहावं लागतं."

प्रोग्रॅम सुधारला, पण बाहेर गेलेले कागद कसे सुधारायचे? तिनं हिशेब लावला. एकूण एक्केचाळीस निकाल न तपासलेल्या मातीचे छापले गेले होते. केंद्रातल्या एका माणसानं सुचवलं, पत्र पाठवू. आण्णा कडाडले, "पत्र? चूक हातानं दिली, तर हातानंच परत घ्यायची." आणि ते स्वतः आपली जुनी मोपेड घेऊन बावडा आणि वडणग्याकडं गेले. मुरगूडकडची गावं संयोगितानं घेतली.

मुरगूडच्या स्टँडवर उतरल्यावर ती थेट बाळाबाईंच्या घरी गेली. जे घडलं ते लपवाछपवी न करता सांगितलं: तुमच्या चौथ्या रानाचा निकाल म्हणजे बावड्याच्या केरबाच्या रानाचा, चूक मशीनची नाही, माझी.

बाळाबाईंनी ऐकून घेतलं. तांब्याभर पाणी दिलं. मग पायांत चपला सरकवल्या. "चल. तू एकलीच गेलीस तर लोक दारात हुभी करत्याल. मी हाय संगट."

दोन दिवस दोघी घरोघरी हिंडल्या. बाळाबाई उंबऱ्यातूनच आवाज द्यायच्या, "अवो, मातीचा कागद काढा! त्यो तुमचा न्हाई, दुसऱ्याचा हाय! पोरगी सोता न्यायला आलिया!" लोक आधी बिचकायचे, मग हसायचे, मग चहा टाकायचे. एका घरात कागद सापडेना. म्हाताऱ्यानं तंबाखू बांधून ठेवली होती त्यात. एकानं तर निकाल वाचून, चोपण सुधारावी म्हणून, रानात जिप्समचं पोतं टाकूनही घेतलं होतं. संयोगितानं त्याच्या रानातली माती स्वतः उकरून पिशवीत भरली, नेऊन तपासली, आणि आठवड्यानं पुन्हा येऊन सांगितलं की रान नासलं नाही, थोडं बरंच झालंय. तो म्हणाला, "मग चुकीचाच कागद देत जावा की!" त्यावर बाळाबाईंनी त्याला असं झापलं की त्याची बायको पदर तोंडात धरून आत पळाली.

एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस कागद परत आले. कागलच्या बाजारात लोक एकमेकांना सांगायला लागले की त्या केंद्रातली बाई चुकलेला निकाल परत न्यायला दारात येते. त्या वर्षी पिशव्या दीडपट झाल्या. वहीचा विषय आण्णांनी पुन्हा काढला नाही.

पुढची वर्षं चांगली गेली. संयोगिताचं लग्न झालं. नवरा राजवर्धन आय.टी.आय.मध्ये वेल्डिंग शिकवायचा. शांत माणूस, रविवारी तांबडा रस्सा स्वतः करणारा. आडनाव कागदोपत्री बदललं, पण केंद्रात ती मगदूमबाईच राहिली. आण्णा निवृत्त झाले आणि दर सोमवारी "नुसतं बघायला" म्हणून येऊन दुपारपर्यंत दुसऱ्यांच्या चुका काढायला लागले. कॉम्प्युटर एकाचे सहा झाले. २००३ साली तिनं सगळं लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेलं. ते फुकट मिळतं म्हणून मंडळ खूश, आणि आत काय चाललंय ते उघडून बघता येतं म्हणून ती खूश. नव्या फाइली वाढताना रिकाम्या जागेत शून्य भरायचं काम आता मशीन आपणहून करायचं.

२००९ साली तिनं एक नवी फाइल सिस्टीम बसवली. फाइली डिस्कवर कुठं आणि कशा ठेवायच्या ते बघणारा हा भाग. नवा होता, अजून हातात रुळलेला नव्हता, पण त्यात एक सोय होती. केवढ्याही मोठ्या फाइलीची नक्कल क्षणात व्हायची, कारण खरी नक्कल व्हायचीच नाही. दोन्ही फाइली डिस्कवरचे तेच तुकडे वापरायच्या. एखाद्या तुकड्यात कुणी लिहायला घेतलं, तरच मशीन आधी तेवढ्या तुकड्याची वेगळी नक्कल काढायचं आणि त्या नकलेत लिहायचं. दुसऱ्या फाइलीला धक्का लागायचा नाही.

तिनं हे भूमिकाला समजावलं तेव्हा भूमिका म्हणाली, "म्हणजे दोन सातबारे, जमीन एकच. कुणी नांगर घातला की मगच वाटणी."

भूमिका केंद्रातली तरुण रसायनतज्ज्ञ, हुशार आणि सडेतोड. गडहिंग्लजला केंद्राची शाखा निघणार होती आणि ती तिकडं प्रमुख म्हणून जाणार होती. संयोगितानं हंगाम संपल्यावर आकड्यांच्या फाइलीची अशी गोठवलेली प्रत ठेवली. मग चालू फाइलीच्या शेवटी असलेली गडहिंग्लजकडची गावं काढून टाकली, कारण ती आता शाखेची. आणि नव्या हंगामासाठी चालू फाइल पुन्हा वाढवली. गडहिंग्लजचे आकडे गोठवलेल्या प्रतीतून छापून भूमिकाला द्यायचे, असं ठरलं.

छापलेली यादी घेऊन भूमिका अर्ध्या तासात परत आली.

"मॅडम, या तेवीस रानांपुढं 'तपासणी बाकी' आलंय."

"राहिली असतील एखादे वेळेस."

"राहिली नाहीत. मी तपासलीत. हातानं. ह्या रानाच्या मातीत शंख निघाले होते, मला आठवतंय की!"

संयोगिता खुर्चीत सरळ बसली. यादी ओढून घेतली. गोठवलेली प्रत उघडली. गडहिंग्लजच्या आधीची, केंद्राकडंच राहिलेली रानं ठीक. मग सलग तेवीस शून्यं. त्यानंतर शेवटपर्यंत पुन्हा सगळं ठीक. फाइल बिघडली असती तर टोकापर्यंत बिघडली असती. ही मधोमध पडलेली खिडकी होती. त्या तेवीसांच्या तुकड्यात केंद्राची शेवटची नऊ रानंही होती. नऊ आणि तेवीस, बत्तीस. बत्तीस गुणिले एकशे अठ्ठावीस, चार हजार शहाण्णव. डिस्कचा बरोबर एक तुकडा.

तिला हसू आलं. पंधरा वर्षांपूर्वी मशीन शून्य लिहीत नव्हतं म्हणून ती फसली होती. आता ते लिहीत होतं, आणि नको तिथं लिहीत होतं. शिवाय शून्य म्हणजे तपासणी बाकी, हा नियमही तिचाच. त्यामुळं प्रोग्रॅमनं हूं की चूं केलं नव्हतं. भूमिकाला ते शंख आठवले नसते तर तेवीस शेतकऱ्यांचे निकाल गुपचूप नाहीसे झाले असते.

ती नुसत्या तर्कावर थांबली नाही. एक छोटी फाइल केली, सगळीकडं क हे अक्षर भरलं. तिची क्षणातली नक्कल काढली. मूळ फाइल एका तुकड्याच्या मधोमध कापली, मग पुन्हा वाढवली. आणि नक्कल उघडली. नकलेला कुणी हात लावला नव्हता, तरी तिच्यात मधोमध शून्यांची ओळ उभी होती. पुन्हा केलं, पुन्हा तेच. भूमिकाला करायला लावलं, तिच्याही हातून तेच.

"बघ," संयोगिता म्हणाली. "मूळ फाइल कापली तेव्हा शेवटच्या तुकड्यात तिची नऊच रानं उरली. वाढवताना मशीन म्हणालं, उरलेल्या जागेत जुना कचरा राहायला नको, शून्य भरतो. बरोबरच आहे. पण तो तुकडा अजून दोघांचा होता. आधी त्याची नक्कल काढायला पाहिजे होती. ते विसरून त्यानं सामाईक तुकड्यातच शून्य ओतलं. आपल्या हिश्श्याचं आवार झाडताना शेजाऱ्याचं धान्य लोटून दिलं."

"हे आपल्या इथंच होतंय?"

"ही सिस्टीम जिथं जिथं आहे तिथं होत असणार. कुणाला कळलं नसेल एवढंच."

ती सिस्टीम लिहिणारी माणसं जगभर विखुरलेली होती आणि एकमेकांशी ई-मेलवर बोलायची. संयोगितानं त्यांना पत्र लिहायला घेतलं. तिचं इंग्रजी कामापुरतं. तीनदा खोडलं. चौथ्यांदा तिनं सगळे आदर-उपचार काढून टाकले आणि रेसिपी लिहावी तसं लिहिलं: हे करा, मग हे करा, मग हे दिसेल, हे दिसायला नको. खाली आपला छोटा प्रोग्रॅम जोडला.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी एका गृहस्थाचं उत्तर आलं: माझ्याकडं असं होत नाही. तिचं तोंड उतरलं. सोमवार होता, आण्णा आले होते. सगळी हकिकत ऐकून त्यांनी विचारलं, "तो कापतो कुठं?"

"म्हणजे?"

"फाइल. तुकड्याच्या काठावर कापत असेल तर उरलेली जागाच नाही. मग शून्य कशाला लिहील?"

सत्तरी ओलांडलेल्या माणसानं नेमकं बोट ठेवलं होतं. तिनं लगेच पत्र लिहिलं: काठावर नको, मधे कापा. संध्याकाळी उत्तर आलं, एका शब्दाचं, आणि पुढं तीन उद्गारचिन्हं. त्याच आठवड्यात दुरुस्ती तयार झाली. फाइल वाढवण्याआधी शेवटचा तुकडा सामाईक आहे का बघा, असेल तर आधी नक्कल काढा, मग शून्य भरा. सगळी मिळून अकरा ओळी. त्यांनी ती आधी तिच्याकडं तपासायला पाठवली. तिनं चाळीस तऱ्हांनी फाइली कापल्या, वाढवल्या, पुन्हा कापल्या. नकलेतला एक क हलला नाही. दुरुस्तीच्या टिपणात एक ओळ होती: संयोगिता मगदूम, कोल्हापूर यांनी ही चूक कळवली आणि दुरुस्ती तपासली.

राजवर्धननं त्याची प्रिंट काढून केंद्रातल्या कपाटाच्या दारावर चिकटवली. आण्णांनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली. "माझं नाव न्हाई त्यात," ते म्हणाले.

"घालायला सांगू का, आण्णा?"

"नको. पुढच्या वेळी बघू."

तेवीस रानांचे आकडे भूमिकाच्या टेबलावरच्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेले होतेच. एका सकाळी भूमिकानं वाचून दाखवले, संयोगितानं भरले, मग उलट, संयोगितानं वाचले आणि भूमिकानं ताडून पाहिले. जेवायच्या सुट्टीआधी काम झालं.

ती सिस्टीम लिहिणाऱ्यांपैकी एकानं संयोगिताला बेंगळूरच्या नोकरीबद्दलही विचारलं होतं. राजवर्धन म्हणाला, "तुला जायचं असलं तर जाऊ. वेल्डिंग काय, कुठंही शिकवीन." तिनं दोन दिवस खरंच विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. त्यांना एवढंच लिहिलं की चूक सापडली की पुन्हा कळवीन, ते इथं बसूनही जमतं.

महिनाअखेरीला गडहिंग्लजची शाखा सुरू झाली. मशीन लावून द्यायला संयोगिता स्वतः गेली. पहिल्याच दिवशी दारात पन्नास-साठ माणसं पिशव्या घेऊन उभी, निम्मी कानडीत बोलणारी, निम्मी मराठीत, आणि मधे भूमिका दोन्हींत ओरडून ओळ सरळ करत होती. संयोगितानं पहिल्या गावासाठी दोनशे खाने वाढवले, ते शून्य आहेत ना ते एकदा डोळ्यांनी पाहिलं, आणि खिडकीतून पहिली पिशवी आत घेतली. माती अजून ओली होती.